दगड आधी, चक्र शेवटी: सहावी ते आठवीच्या मुलांना खडक आणि पृथ्वीचा इतिहास कसा शिकवावा

सहावीच्या कुठल्याही वर्गात खडकांचे प्रकार विचारा. ‘अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित’ असं एका दमात उत्तर येतं. मग रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या ढिगातला खडीचा तुकडा त्याच मुलाच्या हातावर ठेवा आणि हा यातला कोणता, असं विचारा. बहुतेक वेळा ते मूल आधी बाईंच्या चेहऱ्याकडे बघतं, दगडाकडे नंतर.

यात मुलांचा काही दोष नाही. फळ्यावर आधी खडकचक्राचं वर्तुळ काढायचं, त्यावर तीन नावं लिहायची, नावांमध्ये बाण ओढायचे आणि मग ‘उदाहरणार्थ’ म्हणून बेसाल्ट, वाळूचा खडक, संगमरवर सांगायचे, अशी आपली सवय असते. त्यामुळे आकृती पाठ होते आणि दगड राहून जातो. या लेखातला क्रम उलटा आहे. आधी दगड, मग त्यातला पुरावा, मग प्रक्रिया. बाणांचं वर्तुळ त्यानंतर आणि पृथ्वीचा काळ सगळ्यात शेवटी. साधारण नऊ-दहा तासिका आणि एक क्षेत्रभेट एवढा वेळ लागतो. वेळापत्रकात बसत नसेल तर विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडून दोन तासिका मागून घ्या. तुरटीचा आणि व्हिनेगरचा प्रयोग त्यांच्याही कामाचा आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांची एक खास अडचण आधीच सांगतो. आपल्या पायाखाली जवळजवळ सगळीकडे एकच खडक आहे, बेसाल्ट. तीन प्रकारांपैकी दोन मुलांना डोंगरात, ओढ्यात सहसा दिसतच नाहीत. ते घरात मात्र सापडतात.

## पेटी कशी जमवावी

नमुन्यांच्या तयार पेट्या बाजारात मिळतात. कापसात ठेवलेले इवलेसे तुकडे, खाली चिकटवलेली नावं. मला त्या फारशा आवडत नाहीत. नाव दिसलं की मुलं बघणं थांबवतात. त्यापेक्षा गावातल्या फरशीवाल्याकडे जा. कापून उरलेले तुकडे तो फुकट देतो, आणि मुलांनी त्याच दगडाचा ओटा किंवा पायरी घरी पाहिलेली असते.

पेटीत एवढं असलं तरी पुरे: बेसाल्टचे तीन तुकडे (एक ताजा फोडलेला, एक पिवळट-तपकिरी झालेला, एक भोकाभोकांचा), ग्रॅनाइट, शहाबादी फरशी, कडप्पा, संगमरवर, राजस्थानी वाळूचा खडक, जांभा आणि मिळाली तर जुनी दगडी पाटी. पाटी कुणाच्या तरी आजीच्या ट्रंकेत निघते. सोबत तीन बरण्या: मुरूम, काळी माती, नदीची वाळू. दगडी कोळसा हवा असेल तर जपून मागा. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा बहुधा लाकडाचा असतो, त्याचा खडकांशी संबंध नाही.

प्रत्येक तुकड्यावर ऑइलपेंटने फक्त क्रमांक टाका. नाव लिहू नका.

एक-दोन ठिकाणी फसगत होते. कडप्पा काळा आणि गुळगुळीत असल्यामुळे पुष्कळांना तो बेसाल्टचा किंवा ग्रॅनाइटचा भाऊ वाटतो. प्रत्यक्षात तो आंध्रातला चुनखडक, म्हणजे गाळाचा खडक. उलट ओट्यासाठी ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा भूशास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे रासायनिकदृष्ट्या बेसाल्टच्या जवळचा. दुकानदाराचं नाव आणि भूशास्त्राचं नाव वेगळं असू शकतं, हे मुलांना सांगून टाका.

देवघरातल्या दगडांबद्दलही बोला, पण ते शाळेत आणायला सांगू नका. हिमालयातून येणाऱ्या गंडकी नदीतला शाळिग्राम फोडला की आत पुष्कळदा चक्राकार ठसा असतो. तो अमोनाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे. हिमालयाच्या जागी कधीकाळी समुद्र होता याचा पुरावा अनेकांच्या देवघरात आहे. फोटोवर काम भागतं.

## पहिल्या दोन तासिका: फक्त बघणं

चार-पाच मुलांचा एक गट करा. प्रत्येक गटाला तीन दगड, एक लोखंडी खिळा, एक भिंग आणि ड्रॉपरमध्ये व्हिनेगर द्या. वहीत तीन रकाने आखायला सांगा: ‘काय दिसलं’, ‘त्यावरून काय वाटतं’, ‘खात्रीसाठी अजून काय बघायला हवं’. पुढच्या सगळ्या तासिकांना हाच तक्ता चालतो. पहिल्या रकान्यात ‘कठीण’, ‘सुंदर’, ‘जुना’ असले शब्द आले तर परत पाठवा. ‘खिळ्याने ओरखडा उठला नाही’ हे चालेल.

ताजा फोडलेला बेसाल्ट भिंगाखाली धरा. काळपट राखाडी रंग दिसतो, वेगळे दाणे ओळखू येत नाहीत. आता ग्रॅनाइट बघा. त्यात गुलाबी किंवा पांढरे चपटे चकाकणारे दाणे, काचेसारखे करडे दाणे आणि काळे ठिपके सहज वेगळे दिसतात. शहाबादीवर खिळा ओढला की पांढरी रेघ उठते आणि थोडी भुकटी सुटते. त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून बघितलं तर बारीक बुडबुडे दिसतात. भुकटी न करता सरळ फरशीवर थेंब टाकला तर व्हिनेगर सौम्य असल्यामुळे काहीच दिसत नाही आणि मुलं ‘नाही झालं’ म्हणून मोकळी होतात. म्हणून आधी ओरखडा. संगमरवराची भुकटीही फसफसते. शिंपला आणि अंड्याचं टरफल यांवरही थेंब टाकून दाखवा. चारही गोष्टींत कॅल्शियम कार्बोनेट आहे, हे फळ्यावर लिहिण्याआधी मुलांच्या लक्षात येतं.

भोकाभोकांच्या बेसाल्टला थोडा जास्त वेळ द्या. काही भोकं रिकामी असतात, काहींत पांढरं काहीतरी भरलेलं असतं. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची ही भोकं. नंतर खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत खनिजं आणून भरली. पांढऱ्या भागाची भुकटी फसफसली तर ते कॅल्साइट असू शकतं, नाही फसफसली तर झिओलाइट किंवा क्वार्ट्झ. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींमधले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हनसाइट तर संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जवळ असेल तर सहल तिकडे न्या.

या दोन तासिकांत ‘अग्निजन्य’ हा शब्दसुद्धा उच्चारू नका. जड जातं, पण उच्चारू नका.

## तुरटीचा प्रयोग

बेसाल्टचे दाणे दिसत नाहीत आणि ग्रॅनाइटचे दिसतात, असं का? याचं उत्तर मुलांनी स्वतः काढावं.

१०० मिली गरम पाण्यात साधारण ३० ग्रॅम तुरटीची पूड विरघळवा. पाणी गरम करायचं आणि ओतायचं काम शिक्षकाने करावं. द्रावण फडक्यातून गाळून दोन काचेच्या ग्लासांत अर्धं-अर्धं घ्या. एक ग्लास बर्फाच्या पाण्यात ठेवा. दुसरा जाड टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हलवू नका. बर्फातल्या ग्लासात तळाशी बारीक चुरा जमतो. टॉवेलातल्या ग्लासात मोठे, कोन असलेले स्फटिक वाढतात. सावकाश थंड झालं तर दाणे मोठे, झटपट झालं तर बारीक.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगा. तुरटी पाण्यात विरघळलेली होती, खडक वितळलेला असतो, तेव्हा दोन्ही प्रकार एकच नव्हेत. सारखं आहे ते स्फटिकांना वाढायला मिळालेल्या वेळेचं गणित. ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटरवर फार सावकाश थंड होतो. बेसाल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाला उघड्यावर आला आणि त्या मानाने लगेच थिजला. आता ‘अग्निजन्य’ हा शब्द द्या.

## पायाखालचा खडक: विहीर आणि गड

बेसाल्टचा पाठ गावातल्या विहिरीपासून सुरू करा. विहीर खणणाऱ्या किंवा बोअर घेणाऱ्या एखाद्या काकांना वर्गात बोलवा. ते सांगतील: वर माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण, कुठे मांजऱ्या, मध्येच लाल गेरू. हा क्रम मुलांनी त्यांच्याच शब्दांत, खोलीच्या फुटांसकट, उभ्या पट्टीवर काढायचा. मुरूम म्हणजे कुजत चाललेला बेसाल्ट. काळा पाषाण म्हणजे लाव्हाप्रवाहाचा घट्ट भाग. मांजऱ्या म्हणजे त्याच प्रवाहाचा बुडबुड्यांचा भाग. आणि लाल गेरू म्हणजे दोन प्रवाहांमधल्या काळात उघड्यावर पडून कुजलेला थर. त्यावर पुढचा लाव्हा आला. घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्यात हा लाल पट्टा एसटीच्या खिडकीतूनही दिसतो.

लाल पट्टा हा पाठातला सर्वांत बोलका पुरावा आहे. तो दिसला की ‘एकच मोठा स्फोट झाला आणि महाराष्ट्र तयार झाला’ ही कल्पना आपोआप गळते. दोन प्रवाहांमध्ये कुजायला पुरेसा वेळ मिळत होता. कुठे तळीही होती. मुंबईत वरळीच्या टेकडीवर अशा दोन प्रवाहांमधल्या तळ्याच्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले, तेही एकोणिसाव्या शतकात. मुंबईतल्या मुलांना हे सांगा आणि अंधेरीची गिल्बर्ट टेकडी दाखवा. लाव्हा थंड होताना आकसला, तडकला आणि उभे खांब तयार झाले, हे तिथे उघड दिसतं.

एक गैरसमज आपल्याकडे हटकून असतो: सह्याद्रीचे सुळके म्हणजे विझलेले ज्वालामुखी. तसं नाही. दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि आडवा पसरला. आज उरलेलं क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सुळके आणि गड हे त्या आडव्या थरांची झीज होऊन उरलेले भाग आहेत. कुठल्याही गडाचा फोटो समोर ठेवा आणि मुलांना रेघा ओढायला सांगा. कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा. प्रवाहाच्या घट्ट भागाचे कडे झाले, मऊ भागाचे उतार. शिवकाळातल्या बांधकाम करणाऱ्यांनी तटबंदीसाठी याच कड्यांचा उपयोग करून घेतला, हे सांगितलं की इतिहासाच्या तासाला झोपणारी मुलंही मान वर करतात.

कोकणातल्या शाळेत बेसाल्टच्या आधी जांभा येतो. चिऱ्याच्या खाणीत उभं राहून मुलं विचारतात, हा तीनपैकी कुठला? उत्तर द्यायची घाई करू नका. खडकाची उष्ण, दमट हवेत फार काळ झीज झाली, पावसाने विरघळणारं सगळं वाहून नेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, तो जांभा. तो तीन खणांपैकी एकातही नीट बसत नाही. परीक्षेपुरतं पुस्तकात जे असेल ते लिहा, पण वर्गात ही अडचण लपवू नका.

## गाळ

झिजलेल्या बेसाल्टचं पुढे काय होतं, ते चुंबकाने दाखवा. पातळ पिशवीत चुंबक घालून ओढ्याच्या किंवा पावसाने रस्त्याकडेला जमलेल्या वाळूतून फिरवा. काळे कण चिकटून येतात. ते मॅग्नेटाइट, बेसाल्टमधलंच खनिज. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही ते आहे. रस्त्याच्या कडेला गोल गोल दगडांवर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात, तिथे झीज कुठपर्यंत आली ते मोजता येतं: मधला गाभा काळा, बाहेरचे थर पिवळे, त्याबाहेर मुरूम.

मग बरणी. वाळू, माती, बारीक खडे आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. खडे तळाला, त्यावर वाळू, त्यावर माती. काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं, तेव्हा दोन बरण्या करा आणि एकीत दोन चमचे मीठ घाला. मिठाची बरणी लवकर निवळते, कारण खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात. नदी समुद्राला मिळते तिथे हेच घडतं. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून निघालेल्या कणाचा प्रवास मुलांना गोदावरीच्या नकाशावर बोटाने करायला लावा: १४६५ किलोमीटर, आणि शेवटी बंगालचा उपसागर.

गाळ साचला म्हणजे खडक झाला नाही. तो दाबला आणि सांधला जावा लागतो. दोन कागदी कपांत ओली वाळू घ्या, एकात निम्मं पाणी मिसळलेलं फेव्हिकॉल ओता, चार-पाच दिवस उन्हात ठेवा. कागद सोलला की एक कप सांडतो, दुसरा उभा राहतो. निसर्गात सांधायचं काम चुना, सिलिका, लोहाची संयुगं करतात. काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे पांढरे खडे पाण्याने आणलेल्या अशाच चुन्याचे असतात. व्हिनेगर टाकून बघा.

## रूपांतर, आणि मेणाच्या खडूंबद्दल तक्रार

इंटरनेटवर रूपांतरित खडकासाठी एक प्रयोग फार लोकप्रिय आहे. मेणाचे खडू किसायचे, दाबायचे, गरम करायचे, वितळवायचे. दिसायला छान, पण मी तो सुचवत नाही. रूपांतर म्हणजे ‘थोडंसं वितळणं’ अशी समजूत त्यातून पक्की होते, आणि पुढे ती काढणं कठीण जातं. रूपांतरित खडक घनरूपातच बदलतो. वितळला तर तो मॅग्मा झाला, आणि त्यापासून पुन्हा अग्निजन्यच खडक होणार.

त्याऐवजी शाडू माती घ्या. त्यात मूठभर तांदूळ वेडेवाकडे मिसळून गोळा करा. दोन फळ्यांमध्ये ठेवून वरून सावकाश दाबा. दोऱ्याने मधोमध कापा. तांदळाचे दाणे दाबाच्या दिशेला आडवे फिरलेले दिसतात. आता दगडी पाटीची कड बघा, तिचे पातळ पापुद्रे का निघतात ते कळतं. संगमरवरात मात्र पापुद्रे नाहीत, कारण तो जवळजवळ एकाच खनिजाचा आहे आणि त्याचे दाणे चपटे नाहीत. शहाबादी आणि संगमरवर शेजारी ठेवून भिंगातून पाहा. दोन्ही फसफसतात, पण संगमरवराचे दाणे साखरेच्या दाण्यांसारखे चमकतात, शहाबादीचे दिसतच नाहीत. उष्णतेने आणि दाबाने चुनखडकातले बारीक दाणे मोठे झाले, एवढंच रूपांतर.

पूर्व विदर्भातल्या शाळांना हे विषय शोधायला लांब जायला नको. नागपूर, भंडारा भागात संगमरवर, शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) आणि मँगनीजच्या खाणी आहेत, चंद्रपुरात दगडी कोळसा. गोव्यातल्या शिक्षकांचीही चंगळ आहे. तिथे अतिप्राचीन बेसाल्टचा रूपांतरित होऊन हिरवट खडक झालेला आहे आणि लोहखनिजाचे पट्टेदार थर आहेत. ‘बेसाल्टचं रूपांतर होतं का?’ या प्रश्नाचं उत्तर गोव्याच्या जमिनीत मिळतं.

## आता वर्तुळ काढा, पण मुलांकडून

सगळे दगड टेबलावर मांडा. मुलांनी चिठ्ठ्यांवर बाण काढायचे आणि प्रत्येक बाणावर पुरावा लिहायचा: ‘काळा पाषाण → मुरूम, पापुद्रे पाहिले’. पुरावा नसेल तर बाणावर प्रश्नचिन्ह. असं केलं की वर्तुळ होतच नाही, जाळं होतं. ग्रॅनाइट गाळ न होता थेट नाइस, म्हणजे पट्टेदार रूपांतरित खडक, होऊ शकतो. गाळाचा खडक पुन्हा झिजून गाळ होऊ शकतो. ठरलेला क्रम नाही. एखादं मूल लोणारचं नाव काढतंच. तिथे उल्केच्या आघाताने बेसाल्ट क्षणात चिरडला आणि वितळला. वर्तुळाबाहेरून एक बाण आणून त्यावर ‘लोणार’ लिहू द्या.

आठवीत पृथ्वीच्या अंतरंगाचा पाठ येतो तेव्हा एक गोष्ट इथेच पेरून ठेवा: कवचाखाली लाव्हाचा समुद्र नाही. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, बहुतांशी घन आहे. दाब कमी झाला, पाणी मिसळलं किंवा उष्णता वाढली, तर त्यातला काही भाग वितळतो.

## काळ: सेहेचाळीस मीटरची दोरी

इथे घाई करू नका. ‘कोटी’ हा शब्द मुलं किमतीत ऐकतात, काळात नाही.

मैदानावर फक्कीने ४६ मीटरची सरळ रेघ आखा किंवा सुतळी ताणा. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं, एक सेंटिमीटर म्हणजे १० लाख, एक मिलिमीटर म्हणजे १ लाख. एक टोक ‘आज’. तिथून मागे मोजत पाट्या लावा:

४५ मीटर ४० सेंटिमीटर – पृथ्वीचा जन्म (सुमारे ४५४ कोटी वर्षं)
४४ मीटर – आजवर सापडलेला सर्वांत जुना खनिजकण, पश्चिम ऑस्ट्रेलियातला झिरकॉन
सुमारे ३५ मीटर – सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या थरांचे जुने जीवाश्म
२४ मीटर – हवेत ऑक्सिजन टिकू लागला
५ मीटर ४० सेंटिमीटर – समुद्रात प्राण्यांच्या प्रकारांची रेलचेल
३ ते अडीच मीटर – चंद्रपूरचा कोळसा ज्यापासून झाला ती झाडं
२ मीटर ३० सेंटिमीटर – पहिले डायनासोर
६६ सेंटिमीटर – दख्खनचा लाव्हा, आणि डायनासोरांचा शेवट
५० सेंटिमीटरच्या आसपास – भारत आशियाला भिडला
३ मिलिमीटर – माणूस

पाट्या लावण्याआधी मुलांना अंदाजाने उभं राहायला सांगा. डायनासोरवाला गट हमखास दोरीच्या मध्यावर जाऊन उभा राहतो. मग मोजून त्यांना ‘आज’च्या जवळ चालत यायला लावा. शिवराज्याभिषेक १६७४ चा. तो दोरीवर ०.००३५ मिलिमीटर मागे येतो, केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या भागाइतका. हा भागाकार मुलांनीच करायचा, तुम्ही सांगायचा नाही.

दोरी गुंडाळण्याआधी एक काम करा. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रं घेतली गेली. तिथे सुमारे एक किलोमीटर जाडीच्या बेसाल्टखाली एकदम ग्रॅनाइट-नाइस लागला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात बेसाल्ट सुमारे ३४० मीटरवर संपला. पहिली गोष्ट म्हणजे लाव्हाची जाडी पूर्वेकडे कमी होते, त्याचा साधा आडवा छेद मुलं काढू शकतात. दुसरी जास्त रंगतदार आहे. कोयनेखालचा तो नाइस अडीचशे कोटी वर्षांहून जुना, त्यावर टेकलेला बेसाल्ट साडेसहा कोटींचा. एका मुलाला दोरीवर २५ मीटरवर उभं करा, दुसऱ्याला ६६ सेंटिमीटरवर. मधल्या चोवीस मीटर दोरीचं त्या जागी काहीच शिल्लक नाही. तेव्हा तिथे काय होतं? खडक तयार झाले आणि झिजून गेले, की तयारच झाले नाहीत? भूशास्त्रज्ञ जेम्स हटनने १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला उभ्या थरांवर टेकलेले जवळजवळ आडवे थर पाहिले, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न होता: मधला वेळ किती?

## ‘पण हे कळलं कसं?’

हा प्रश्न कुणी विचारला नाही तर तुम्ही विचारा.

आधी क्रम. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनोने हे १६६९ मध्ये मांडलं. विहिरीच्या पट्टीवर मुलांनी हेच केलं आहे, फक्त आठवण द्या.

मग वय. शंभर फोडलेले चिंचोके घ्या, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. डब्यात हलवून टाका, पांढरे पडलेले बाजूला काढा, उरलेले मोजा, पुन्हा टाका. प्रत्येक फेरीचा आकडा आलेखावर मांडा. चिंचोके बरोबर निम्मे पडत नाहीत, पण प्रत्येक फेरीत साधारण तोच वाटा गळतो आणि आलेखाचा वाक तसाच येतो. आता एका गटाला डोळे झाकायला सांगा, दुसऱ्याने काही फेऱ्या करून उरलेले चिंचोके समोर ठेवावेत. पहिल्या गटाने आलेखावरून फेऱ्या ओळखायच्या. खडकाचं वय असंच काढतात. पोटॅशियमच्या एका प्रकाराचे निम्मे अणू बदलायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात, आणि त्यांतल्या काहींचा होणारा आरगॉन खडकात अडकून राहतो. दख्खनच्या बेसाल्टचं वय काढताना हेच तत्त्व वापरलं गेलं.

पृथ्वीचं वय मात्र पृथ्वीच्या दगडांवरून थेट निघालं नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये ते उल्कापाषाणांवरून काढलं. का, ते मुलांना विचारा. पृथ्वीवरचे अगदी पहिले खडक झिजले, गाडले गेले, वितळले, म्हणजे त्यांनी काढलेल्या त्याच जाळ्यात हरवले. उल्कापाषाण त्यातून सुटले. खडकांचा पाठ आणि पृथ्वीच्या इतिहासाचा पाठ इथे एकमेकांना मिळतात, म्हणून दोन्ही एकापाठोपाठ शिकवावेत.

वयं बदलू शकतात हेही सांगा. लोणारचं वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं धरलं जाई. नंतर वेगळ्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार आलं. मुलांना ‘मग शास्त्रज्ञ चुकले’ असं म्हणायचा मोह होतो. कुठल्या पद्धतीने काय मोजलं, असं विचारायची सवय लावा.

## क्षेत्रभेट

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसात घाटाच्या कड्याखाली मुलांना उभं करू नका. चालू खाण आणि वळणावरचा रस्ता टाळा. बंद खाण असेल तर पाण्यापासून लांब. विहीर कठड्याबाहेरूनच बघायची. हातोडी फक्त शिक्षकाच्या हातात, डोळ्यांवर गॉगल. लेणी, गड, गिल्बर्ट टेकडी, लोणार, कातळशिल्पं इथे एक तुकडाही काढायचा नाही, आणि हा नियम निघण्याआधी सांगायचा.

लांबची सहल लागतेच असं नाही. गावचा ओढा पुरतो. नगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या शाळांना निघोजचे रांजणखळगे जमण्यासारखे आहेत. कुकडीच्या पाण्याने दगडगोटे फिरवत बेसाल्टमध्ये खणलेले ते खड्डे पाहिले की झीज म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. जवळच्या कॉलेजात भूशास्त्र विभाग असेल तर तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत बोलवा. ते आनंदाने येतात.

प्रत्येक मुलाने एकाच जागी वीस मिनिटं बसून एक चित्र काढायचं, मापासाठी शेजारी पेन ठेवून. फोटो नंतर. चित्र काढताना जे दिसतं ते फोटो काढताना निसटतं.

## मार्क कसे द्यावेत

‘खडकांचे तीन प्रकार सांगा’ हा प्रश्न परीक्षेत येणारच, त्याची तयारी एका तासिकेत होते. वर्गातल्या मूल्यमापनासाठी मात्र प्रत्येक गटाला न पाहिलेला एक दगड द्या आणि त्याची गोष्ट लिहायला सांगा. दहापैकी पाच मार्क निरीक्षणांना, तीन निरीक्षणापासून निष्कर्षापर्यंत नेणाऱ्या वाक्यांना, दोन ‘अजून काय बघायला हवं’ या रकान्याला. नाव बरोबर आलं तर शाबासकी द्या, मार्क देऊ नका. ‘हा संगमरवर आहे’ एवढंच लिहिणाऱ्याला शून्य, आणि ‘भुकटी फसफसते, दाणे चमकतात, पापुद्रे नाहीत, चुनखडकाचा झाला असेल, पण आत शिंपले आहेत का ते बघायला हवं’ असं लिहून नाव चुकलेल्याला आठ. पहिल्या वर्षी पालक याबद्दल विचारायला येतील. त्यांच्या हातात दगड आणि भिंग द्या.